सांगलीत बसून यूएक्सचा पोर्टफोलिओ: सरावाला कुठली वेबसाइट घ्यावी?

विश्रामबागचा_पोर

नमस्कार मंडळी. बी.सी.ए. झालंय, सध्या सांगलीत एका फ्लेक्सच्या दुकानात कोरल ड्रॉवर बसतो. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या. त्यातून निघून यूएक्स डिझाइनमध्ये, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइट वापरायला सोप्या करायच्या कामात जायचंय. फिगमा हे पडदे आखायचं सॉफ्टवेअर यूट्यूबवर बघून शिकलो, हात बऱ्यापैकी बसलाय.

पोर्टफोलिओत (दाखवायच्या कामांच्या संग्रहात) सध्या जेवण मागवायचं एक अ‍ॅप, गाण्यांचं एक अ‍ॅप आणि विमान तिकिटांची एक साइट, अशी रीडिझाइन्स, म्हणजे आहे त्याचीच नव्याने केलेली मांडणी, आहेत. पुण्यात एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. समोरच्यांनी पानं भराभर खाली सरकवली आणि विचारलं, "हे कुणासाठी केलंस?" मी म्हटलं, वापरणाऱ्यांसाठी. ते नुसते हसले.

हातात खरं गिऱ्हाईक नसताना सरावाला कुठली वेबसाइट घ्यायची? आणि एखाद्या खऱ्या कंपनीची साइट न विचारता रीडिझाइन केली तर चालतं का?

पिक्सेलपाटील

डेली यूआय नावाचा डिझाइनचा सराव कर. रोज मेलवर एक विषय येतो, असे शंभर. ड्रिबल या डिझायनरांच्या साइटवर टाकत जा, लोक बघतात.

अजिंक्यताऱ्याखालची

डेली यूआयने हात चालता राहतो, नाही म्हणत नाही. पण त्या मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघणार नाही. मी सातारची, पुण्यात यूएक्सचंच काम करते आणि नवख्यांचे पोर्टफोलिओ चाळायचं काम बरेचदा माझ्याच गळ्यात पडतं. वयाने मोठी असणार म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

जेवणाचं अ‍ॅप जवळजवळ प्रत्येक पोर्टफोलिओत असतं. त्या कंपन्यांकडे डिझायनरांची फौज आहे, लाखो लोक कुठे बोट ठेवतात याचा हिशेब आहे. तुझ्याकडे त्यातलं काहीच नाही, मग तू बदलणार काय? रंग आणि बटणाच्या कोपऱ्यांची गोलाई. उलट सांगलीत राहून तुझ्या हाताशी असं काही आहे जे हिंजवडीतल्या पोराला मिळणार नाही. मार्केट यार्ड.

शेतमालाचे रोजचे बाजारभाव दाखवणारं वेबसाइटचं पान घे. हळदीचंच धर. माल सौद्याला आणायचा की अजून थांबायचं, हे शेतकरी आता फोनवर दर बघून ठरवायला लागलाय. ते कोष्टक तू पाहिलं असशील: बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. सात रकाने. हे जसंच्या तसं फोनच्या उभ्या पडद्यावर आणलं की शेवटचा रकाना बाहेर जातो, आणि माणसाला हवा असतो नेमका तोच.

आमच्या मामांची वाळव्याकडे हळद असते, त्यांना हे करताना मी शेजारी बसून पाहिलंय. डाव्या हातात फोन, उजव्या हाताच्या बोटाने कोष्टक सरकवायचं. दर दिसेपर्यंत पहिला रकाना पडद्याबाहेर गेलेला, म्हणजे हा दर सांगलीचा की वसमतचा ते कळायला मार्ग नाही. मग परत मागे. ओळ चुकू नये म्हणून पडद्यावर नख धरून ठेवायचं, की पान भलतीकडेच उघडायचं. शेवटी वैतागून त्यांनी अडत्यालाच फोन लावला.

आता अडत्याला ते काय विचारतात ते ऐक. आवक किती झाली? कालच्यापेक्षा चढ की उतार? राजापुरीला (ही हळदीची जात) काय दर निघाला? जास्तीत जास्त दराचं त्यांना फारसं कौतुक नाही, तो एखाद्याच फक्कड मालाला मिळालेला असतो. हे तीन प्रश्न म्हणजे तुझ्या पानाची मांडणी. वरती काय, खाली काय, कुठला रकाना सरळ उडवायचा, हे यावरून ठरतं. "कुणासाठी केलंस?" याचं उत्तरही इथेच मिळालं की.

करताना आधी जुन्या पानावर याकोब निल्सन या वापरसुलभतेच्या तज्ज्ञाचे दहा निकष लावून बघ. १९९४ चे आहेत, अजून कामाला येतात. त्यात फार रमू नकोस, लवकर माणसांकडे जा. त्याच निल्सनने २००० साली मांडलं होतं की पाच जणांना बसवून चाचणी घेतली तरी सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. त्या आकड्यावर पुढे बरेच वाद झाले, पण शून्य माणसांपेक्षा पाच केव्हाही बरी. "आवडलं का?" असं मात्र विचारू नकोस, आपल्याकडची माणसं भिडेखातर "छान आहे" म्हणून मोकळी होतात. काम द्यायचं: "काल सांगलीत राजापुरीचा सर्वसाधारण दर काय होता, शोधा." आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं. बोट कुठे थांबलं, कुठून मागे फिरलं, ते लिहून घे. नंतर तुझा फिगमातला आराखडा देऊन तसंच काम दे, पण तारीख बदल, नाहीतर मघाचं उत्तर आठवून सांगतील.

न विचारता घ्यायचं म्हणशील तर, सरावापुरतं लोक सर्रास करतात. पहिल्याच पानावर ठळक लिही की हा स्वतःहून केलेला सराव आहे, त्या संस्थेशी संबंध नाही. "वापर अमुक टक्क्यांनी वाढला" असली वाक्यं टाकू नकोस. जे पान कधी चालूच झालं नाही त्याचा वापर वाढेल कसा? आम्ही ते वाचून पुढे वाचायचं थांबतो.

मिरज_जंक्शन

ताईंशी नव्वद टक्के सहमत, पण देखणेपणाला इतकं खाली ढकलू नका. पहिली चाळणी लावणारा माणूस केस स्टडी (काम कसं केलं त्याची लिखित हकीकत) वाचत नाही, चित्रं बघतो. ती गचाळ असली की संशोधन गेलं उडत.

मी फ्रंटएंड करतो, म्हणजे डिझाइनवरून प्रत्यक्ष पान कोडमध्ये बांधतो, त्यामुळे एक वेगळं सांगतो. पान मराठी असेल तर फिगमात पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूर भर. इंग्रजी भरताड टाकून आखलेलं बटण "सर्वसाधारण दर" लिहिल्यावर फाटतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलंस तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. मी फॉन्टच्या आकाराच्या दीडपटीखाली जात नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह तर अजिबात नको, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. फॉन्टसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत.

आणि फिकट करडी अक्षरं नकोत. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक सूचनांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो. यार्डात भर उन्हात फोन बघणाऱ्याला मी त्याहून जास्त देईन.

विश्रामबागचा_पोर

ताई, दादा, डोक्यात लख्ख उजेड पडला. पाट्या करतो त्यामुळे शिरोरेषेचं लगेच पटलं. तीन शंका: यार्डात माझी ओळख नाही, अनोळखी पोराशी शेतकरी बोलतील का? केस स्टडी मराठीत लिहू की इंग्रजीत? आणि आधीचे प्रकल्प काढून टाकू का?

अजिंक्यताऱ्याखालची

आधीचे काढ. फार जीव असेल तर गाण्यांचं एक ठेव, शेवटी. फ्लेक्सच्या दुकानातलं काम मात्र "परिचया"त लिही, लपवू नकोस. गिऱ्हाईक खुर्ची ओढून शेजारी बसतं आणि "साहेबांचा फोटो अजून मोठा करा" म्हणतं, ते रोज निभावणं हे आमच्याकडच्या कित्येकांना जमत नाही.

केस स्टडी इंग्रजीत लिही, वाचणारा मराठी असेलच असं नाही. पडदे मराठीतच ठेव आणि प्रत्येकाखाली एका ओळीत इंग्रजीत सांग की इथे काय चाललंय. मिरजकरांचं म्हणणं मान्य, सगळ्यात सुबक पडदा अगदी वर लाव. त्याच्या लगेच खाली मात्र तू उडवलेला रकाना आणि तो का उडवला ते येऊ दे. मुलाखतीत चर्चा तिथेच रंगते.

ओळखीचं म्हणशील तर यार्डातले व्यापारी पाट्या कुठे छापतात? तुमच्यासारख्यांकडेच ना. मालकांना सांग, एखाद्या अडत्याच्या पेढीवर ते नेऊन बसवतील. बोलणं रेकॉर्ड करायचं तर आधी विचार, आणि कुणाचा फोन नंबर किंवा गट नंबर स्क्रीनशॉटमध्ये राहिला असेल तर झाकून टाक. सौदे चालू असताना कुणाला गाठू नकोस, तेव्हा मान वर करायला सवड नसते. सौदे उरकल्यावर पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) हातात पडायची वाट बघत शेतकरी बसलेले असतात. त्यांना वेळच वेळ असतो, आणि दराबद्दल बोलायची खुमखुमीही.