सुटकेनंतरचा निवारा गावाजवळही हवा
कारागृहातून सुटलेल्यांसाठी तात्पुरते निवास नागपुरातच असावे, कारण काम तेथेच मिळते, या मताशी मी अर्धाच सहमत आहे. आमच्या यवतमाळकडे सुटून आलेल्या माणसाला घर नसते असे नाही. परंतु धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादातून खून झालेला असेल, तर मयताचे कुटुंब चार घरे सोडून राहत असते, आणि पेरायचे शेतही त्याच धुऱ्याला लागून असते. अशा माणसाला काही महिने गावाबाहेर, पण तालुक्याच्या आसपास राहता आले, तर भावकीतल्या जाणत्यांना दोन्हीकडे बोलणी करायला अवधी मिळतो आणि त्यालाही रेशनकार्ड, बँक खाते पुन्हा उभे करता येते.

औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ वसवलेल्या स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीत कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुले, म्हणजे कमी बंदोबस्ताचे, कारागृह आहे, मात्र त्याचा आधार शिक्षा संपेपर्यंतच. स्त्रियांची स्थिती याहून कठीण आहे, कारण त्यांना बऱ्याचदा सासर आणि माहेर दोन्ही बंद होते.

निवासाची मुदत हंगाम पाहून ठरवावी, असे मला कळकळीने वाटते: कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी मिळते, पण मार्चमध्ये सुटलेल्याला निदान पेरणीपर्यंत तरी ठेवून घ्यावे.