क्लाउडवर सॅमटूल्स सॉर्ट मधेच मरतं, एक्झिट कोड १३७

प्रश्न:
मंडळी, माणसाच्या पेशींचा आरएनए-सेक डेटा (आरएनएचे वाचलेले तुकडे, म्हणजे रीड्स) नेक्स्टफ्लोमधून, म्हणजे टप्पे ओळीने चालवणाऱ्या साधनातून, चालवतेय. स्पॉट मशीन आहे (स्वस्त भाड्याचं, पण क्लाउड कंपनी कधीही परत घेऊ शकते), ८ कोअर, ३२ जीबी रॅम. स्टारचं अलाइनमेंट (रीड्स जीनोमवर जागी बसवणं) पार पडतं, पण त्या रीड्स क्रमाने लावणाऱ्या सॅमटूल्स सॉर्टला आलं की 'किल्ड' एवढंच येतं आणि कोड १३७. लहान नमुने सुटतात, मोठे अडकतात. सॉर्टला ८ थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारी कामं) आणि ४ जीबी दिलेत. लॅबमध्ये सगळे म्हणतात, स्पॉट मशीन परत घेतात म्हणून होतंय, पूर्ण दराचं घे. पण त्यासाठी गाइडकडे पैसे मागायचे म्हणजे कारण पक्कं हवं. खरंच स्पॉटमुळेच होत असेल का?

उत्तर:
पैसे मागायची घाई करू नका. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे कोणीतरी सिगकिल, प्रोसेस तिथल्या तिथे मारायचा सिग्नल, पाठवलाय. स्पॉट परत घेतलं तर अख्खं मशीनच जातं, एकटा सॉर्ट नाही. तेव्हा जॉब मेल्या मेल्या लॉगिन करून 'अपटाइम' बघा. मशीन आदल्या दिवसापासून चालूच असेल तर स्पॉटचा विषयच संपला. मग सिस्टिमचे संदेश दाखवणारं 'सुडो डीमेसेज' चालवून 'आउट ऑफ मेमरी' शोधा. रॅम संपली की लिनक्सचं कर्नल स्वतःच एखादी प्रोसेस मारतं, आणि कोणती ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं.

माझा संशय त्या ४ जीबीवर आहे. सॉर्टमधला मेमरीचा आकडा एकूण नसतो, दर थ्रेडचा असतो. ८ गुणिले ४ म्हणजे ३२, तुमची सगळी रॅम! लहान नमुन्यात तेवढी भरतच नाही, म्हणून ते सुटतात. न सांगता सोडलं तर सॅमटूल्स दर थ्रेड ७६८ एमबी धरतं. तुम्ही ४ थ्रेड, २ जीबी करून बघा. बाकीचं ते तात्पुरत्या फाइलींत डिस्कवर टाकतं, त्यामुळे डिस्कवर जागा मात्र ठेवा. थोडा वेळ जास्त लागेल, निकाल तोच येईल.

उत्तर:
वरच्यांशी सहमत. तरी स्पॉट वापरताय तर कधीतरी मशीन जाणारच, त्याची सोय आताच करा. अमेझॉन २ मिनिटं आधी सूचना देतं, गूगल ३० सेकंद. तेवढ्यात सॉर्ट काही आटपत नाही. नेक्स्टफ्लोची वर्क डिरेक्टरी (मधले निकाल साठतात ती जागा) मशीनच्या आतल्या डिस्कवर ठेवू नका, मशीनबरोबर तीही जाते आणि मग 'रिझ्यूम'ला (अडलं तिथून पुढे चालवायला) धरायला काहीच उरत नाही. मशीनपासून वेगळ्या, क्लाउडच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर ठेवा. शिवाय १३७ आला तर पुढच्या प्रयत्नाला जास्त मेमरी मागायची, हेही कॉन्फिगमध्ये लिहिता येतं.

प्रश्नकर्ती:
अपटाइम अखंड आहे आणि डीमेसेजमध्ये सॅमटूल्सचंच नाव! ४ थ्रेड, २ जीबीवर अडकलेले मोठे नमुने सुटले. मनापासून आभार. आता एकच शंका: आधीच्या काही बॅम फाइली (जागी बसवलेल्या रीड्सच्या) हाताने पुढे कॉपी केल्या होत्या, त्या धडधाकट आहेत का कसं कळेल?

उत्तर:
'सॅमटूल्स क्विकचेक' चालवा. फाइल शेवटी तुटली असेल तर लगेच सांगतं. पण ते हेडर आणि शेवटचा खूण-ब्लॉक एवढंच बघतं, मधला डेटा नाही. म्हणून रीड्स मोजणारं 'फ्लॅगस्टॅट'ही काढा आणि रीड्सची संख्या स्टारच्या फायनल लॉगशी ताडून बघा. एकाच रीडच्या अनेक जागा वेगळ्या मोजल्या जातात, तेव्हा प्रायमरीचाच, म्हणजे दर रीडच्या मुख्य जागेचाच, आकडा घ्या. जिथे जुळणार नाही ती फाइल सरळ उडवा, पुन्हा सॉर्ट करा.