मदत हवी आहे: ओटीजीत सफरचंदाचं क्रम्बल, खाली पाणी आणि वर लगदा का होतोय?

नमस्कार मंडळी,

गणपतीत दर्शनाला येणारा प्रत्येक जण आमच्याकडे देवापुढे फळं ठेवून जातो. केळी लगेच संपतात, पण सफरचंदं आणि नासपती भरपूर उरतात, शेजारीपाजारी वाटूनसुद्धा. देवाची फळं टाकून द्यायला मन धजत नाही. सासूबाईंना कच्चं सफरचंद आता चावत नाही, कवळी सरकते. पण मऊ शिजवलेलं फळ त्या फार आवडीने खातात. म्हणून भाजलेल्या फळांचा एखादा गोड पदार्थ करावा असं मनात होतं आणि सफरचंदाचं क्रम्बल केलं, म्हणजे खाली फळाच्या फोडी, वर तूप चोळलेल्या पिठाचा चुरा आणि मग भाजायचं. घरात अंडं येत नाही, त्यामुळे केकपेक्षा हे सोपं वाटलं. सगळं सामान डब्यातलंच: कणीक, मैदा, साखर, तूप, दालचिनी.

चव छान होती. रूप मात्र बिघडलं. तळाला वाटीभर पाणी सुटलं होतं. वरचा थर कुरकुरीत व्हायच्या ऐवजी सगळा विरघळून फळात उतरला. पळी घातली तर सफरचंदाच्या रसात भिजलेला शिरा वर आला. सासूबाईंनी वाटीत घेऊन खाल्लं, पण मला त्यांना नीट झालेलं खाऊ घालायचं आहे. या रविवारी नणंदेचं कुटुंबही येतंय, साधारण आठ माणसं.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) लहान आहे, वर-खाली दोन्ही दांड्या तापतात, पंखा नाही. माझे प्रश्न:

पाणी कसं थांबवायचं? वरचा थर कुरकुरीत कसा राहील? पूर्ण कणकेचं करता येईल का? आणि नासपती घातली तर चालेल का?

दुपारचा चहा

ताई, उत्तर देण्याआधी थोडं विचारते. माप वाटीने घेतलं होतं की वजनाने? तूप पातळ होतं की थिजलेलं? आणि सफरचंदाला साखर लावून किती वेळ ठेवलं होतं?

धागाकर्ती

वाटीने. पीठ दोन वाट्या, तूप एक वाटी, साखर एक वाटी. पाककृतीत दोनास एक, एक असं प्रमाण होतं. तूप कढवून ठेवलेलं, पातळच होतं. सफरचंदाच्या फोडींना साखर, दालचिनी लावून तासभर झाकून ठेवलं होतं.

दुपारचा चहा

मग उत्तर इथेच आहे. दोनास एक, एक हे प्रमाण बरोबर आहे, पण ते वजनाचं. वाटीत पीठ हलकं भरतं, तूप आणि साखर जड. १४० मिलीची वाटी धरली तर दोन वाट्या पीठ होतं साधारण १५० ग्रॅम. त्याला साखर हवी ७५ ग्रॅम आणि तूप ७० ग्रॅमच्या आसपास. तुमच्या एका वाटीत तूपच सव्वाशे ग्रॅम भरलं असणार, म्हणजे जवळजवळ दुप्पट. एवढं तूप पिठाला धरून ठेवता येत नाही, ओव्हन तापला की ते वितळून पीठ आणि साखर घेऊन खाली उतरतं. काटा नसेल तर पीठ दोन वाट्या, साखर अर्धी वाटी शीग लावून आणि तूप अर्धी वाटी, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट तुपाची. मूळ पाककृती लोण्यावर बेतलेली असते. विकतच्या बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी बरंचसं पाणी. तूप म्हणजे जवळजवळ सगळा स्निग्धांशच. म्हणून ८० ग्रॅम बटरच्या जागी ६५ ग्रॅम तूप पुरतं. आणि पातळ तूप अजिबात नको. वाटीत काढून फ्रिजमध्ये घट्ट थिजवा, मग बोटांच्या टोकांनी पिठात चोळा. तळहात लावू नका, तळहाताच्या उबेने तूप सुटतं. नानकटाईचं पीठ मळण्याआधी जसं रवाळ दिसतं, तिथेच थांबायचं. काही गोळे वाटाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे राहिले पाहिजेत. सगळं एकसारखं बारीक झालं तर भाजल्यावर भुगा होतो. चोळून झालं की ताटलीत पसरून परत पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये. दोन मोठे चमचे बारीक रवा घातलात तर कुरकुरीतपणा जास्त टिकतो. बेकिंग पावडर, सोडा काही लागत नाही.

आता पाण्याचं. साखर लावून ठेवलं की फळाला पाणी सुटतं, कैरीला मीठ लावल्यावर सुटतं तसंच. ते पाणी सगळं भांड्यात गेलं. त्यापेक्षा फोडी आधी कढईत शिजवून घ्या. किलोभर सफरचंदं सोलून, बिया काढून सुमारे ८०० ग्रॅम उरतात. चमचाभर तुपावर फोडी घाला, तीन मोठे चमचे साखर, झाकण न ठेवता मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं. बाहेर आलेला रस आटू लागला की एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर थोड्या पाण्यात कालवून घाला, वरून लिंबू पिळा. फोड सुरीने टोचली तर आत थोडी कडक लागली पाहिजे, ओव्हनमध्ये ती अजून शिजणार आहे. आणि हे पूर्ण गार होऊ द्या. गरम फळावर चोळलेलं पीठ पसरलं तर ते ओव्हनमध्ये जाण्याआधीच खालून वितळायला लागतं.

रानजाई

चहाताईंशी सहमत, फक्त कणकेबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. पूर्ण कणकेचं होतं आणि छान होतं, आमच्याकडे तसंच आवडतं. कोंड्यामुळे रंग गडद येतो, भाजल्याचा खमंग वास येतो. मैद्याइतकं खुसखुशीत होत नाही हे खरं. पहिल्यांदा १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कणीक असं करून बघा. दळून आणलेली कणीक असेल तर बारीक चाळणीने चाळून घ्या.

गणपतीचे नारळही उरलेच असतील ना? ओलं खोबरं वरच्या थरात घालू नका, त्यातही पाणी असतं. सुकं खोबरं किसून दोन चमचे घाला, फार सुंदर लागतं. साखर पिठी न वापरता दाणेदारच ठेवा, ते दाणे दाताखाली येतात. गूळ घालायचा मोह होईल, पण तो ओलसर असतो आणि लवकर करपतो. फळात घाला, वरच्या थरात नको.

नासपतीचं म्हणाल तर चालते, पण तिला सफरचंदापेक्षा जास्त पाणी सुटतं आणि आंबटपणा जवळजवळ नसतो. तीन भाग सफरचंद, एक भाग नासपती, लिंबू थोडं जास्त. घट्ट, कच्चट नासपती घ्या.

एक आठवण करून देते. सीताफळं आली की ह्यातच घालून बघावीत असं वाटेल. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. तो गार करूनच वापरायचा, भाजायचा नाही.

साउथवेलजवळून

मी नॉटिंगहॅमशरमध्ये राहते, इथे क्रम्बल म्हणजे रविवारच्या जेवणानंतरचा अगदी घरगुती पदार्थ. इथल्या लोकांचं स्वयंपाकाचं सफरचंद वेगळं असतं, ब्रॅम्ली. जवळच्या साउथवेल गावात मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ साली बिया लावल्या, त्यातून आलेलं हे झाड. ब्रॅम्ली इतकं आंबट की कच्चं खाववत नाही, शिजलं की कापसासारखं फुलतं. आपल्याकडच्या लाल सफरचंदाचं उलट आहे. डेलिशियस जात मुळात अमेरिकेतली, सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ साली हिमाचलात कोटगढ भागात तिची लागवड केली. ते खायचं सफरचंद आहे, गोड आणि आंबटपणा कमी. त्यामुळे इंग्रजी पाककृतीतली साखर जशीच्या तशी घातली तर सगळं नुसतं गोड होतं. चहाताईंनी सांगितलेलं लिंबू म्हणूनच विसरू नका, एक मोठा चमचा रस तरी हवा. बाजारात हिरवं आंबट सफरचंद मिळालं तर त्यातली दोन मिसळा, ती आकारही धरून ठेवतात.

दालचिनी अर्धा लहान चमचा पुरे. मी त्यात किंचित जायफळ किसते, घरच्या पुरणपोळीची सवय असल्यामुळे ते मला त्यात हवंच असतं.

इथे वरून गरम कस्टर्ड ओततात आणि सासूबाईंसाठी ते अगदी योग्य आहे. आपण वापरतो ती कस्टर्ड पावडर मुळात अंडं चालत नाही अशा माणसासाठीच निघाली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या बायकोला अंड्याचा त्रास होता, म्हणून त्यांनी १८३७ साली कॉर्नफ्लॉवरवर आधारित कस्टर्ड बनवलं. अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे पावडर, थंड दुधात कालवून मगच उकळत्या दुधात घाला. कवळी असलेल्या माणसाला वरचा कुरकुरीत थर त्रास देतो, त्यांच्या वाटीत कस्टर्ड घालून पाच मिनिटं ठेवलं की तो आपोआप मऊ होतो आणि चवही बिघडत नाही.

धागाकर्ती

किती मनापासून सांगितलंत सगळ्यांनी! वजन आणि वाटीतला फरक कुणी सांगितलाच नव्हता. कस्टर्डचं तर फारच आवडलं, सासूबाईंना दुधातलं काहीही चालतं.

आता भाजण्याबद्दल. मी २०० अंशांवर ठेवलं होतं, वरून काळपट झालं आणि कडेला मात्र रस पातळच. भांडं काचेचं, खोल आहे. आणि रविवारी सकाळी पूजा, स्वयंपाक सगळंच आहे, तर आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल?

दुपारचा चहा

लहान ओटीजीत वरची दांडी भांड्याच्या अगदी जवळ येते, म्हणून २०० जास्त होतं. १८० ठेवा, दहा-पंधरा मिनिटं आधी तापवून घ्या, दोन्ही दांड्या चालू, भांडं मधल्या किंवा खालच्या फळीवर. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. वरून लवकर रंग आला तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैलसर टाका, घट्ट गुंडाळू नका, नाहीतर वाफेने थर मऊ पडेल. घड्याळापेक्षा कडेकडे बघा. रस कडेने वर येऊन जाड बुडबुडे फुटायला लागले पाहिजेत. कॉर्नफ्लॉवर नुसत्या गरम होण्याने दाटत नाही, रस नीट उकळला की दाटतो. तुमचा रस पातळ राहिला तो पाणी जास्त म्हणून आणि आतपर्यंत उकळी पोहोचली नाही म्हणूनही. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका, तेवढ्यात तो अजून आळतो.

भांडं खोल नको. आठ इंची केकचा डबा घ्या, फळाचा थर दोन बोटं उंच झाला की पुरे. पत्रा काचेपेक्षा लवकर तापतो. आठ माणसांना दोन डबे लागतील, एकात दुप्पट भरू नका.

आदल्या रात्री फळ शिजवून डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. चोळलेलं पीठ वेगळ्या डब्यात, तेही फ्रिजमध्ये, हवं तर डीप फ्रीझमध्ये. दोन्ही एकत्र करून रात्रभर ठेवायचं नाही, खालचा भाग भिजतो. सकाळी फळावर पीठ हलक्या हाताने भुरभुरा, दाबू नका. आणि हे लक्षात ठेवाच: काचेचंच भांडं वापरणार असाल तर फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं. तासभर बाहेर राहू द्या.

मी सोलापूरकर

आमच्याकडे ओटीजी नाही, कढईत मीठ घालून केक होतो. त्यात होईल का हे? आई विचारते आहे.

रानजाई

दादा, कढईत आच खालूनच लागते, वरचा थर पांढरा राहील आणि झाकणाची वाफ त्यावर पडेल. त्यापेक्षा दोन्ही वेगळं करा. फळ कढईत शिजवून चांगलं दाट करा. चोळलेलं पीठ जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर परता, उलथन्याने उलटत राहा, बेसन लाडवाचं बेसन भाजताना असते तेवढी सबुरी हवी. साखर आधी घालू नका, ती तव्याला चिकटते. पीठ बदामी होऊन खमंग वास आला की उतरवून, थोडं निवल्यावर साखर मिसळा. वाढताना वाटीत फळ आणि वर हा चुरा. आईंना सांगा, चुरा आठवडाभर घट्ट झाकणाच्या डब्यात राहतो.

धागाकर्ती

हे तर माझ्यासाठीही सोयीचं आहे, आयत्या वेळी वीज गेली तर. शेवटचं विचारते: उरलं तर दुसऱ्या दिवशी कुरकुरीतपणा परत येईल का? नणंदेला डबा द्यायचा आहे.

साउथवेलजवळून

येतो, पण मायक्रोवेव्हमध्ये नाही, त्यात थर नरम पडतो. ओटीजीत १६० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं, झाकण न ठेवता. फ्रिजमध्ये तीन दिवस व्यवस्थित राहतं. डबा देताना पूर्ण गार झाल्यावरच भरा आणि कस्टर्ड वेगळ्या डब्यात द्या.