पहिल्या महायुद्धातील मराठा शिपायाच्या भरतीचा कागद कोठे मिळेल?

प्रश्न : खेडकर
आमचे पणजोबा खेड तालुक्यातून पलटणीत भरती झाले आणि ‘बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत’, एवढीच हकिकत घरात चालत आली आहे. त्यांचे एक चांदीचे पदक देवघरात आहे; एका बाजूस राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस घोड्यावरचा उघडा योद्धा आणि १९१४, १९१८ ही साले. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिलिशियाच्या भरतीचे कागद जपलेले असून त्यांत माणसाचे वय, उंची, धंदा, जन्मगाव असे सारे नोंदलेले असते, असे वाचनात आले. पणजोबांचा तसा कागद मिळण्यासाठी अर्ज कोठे करावा?

उत्तर : दप्तरवाचक
आपण वाचलेले कागद ब्रिटिश मिलिशियाचे, म्हणजे तेथील परगण्यांतून उभारलेल्या आणि वर्षातून काही आठवडे कवायतीला येणाऱ्या अर्धवेळ सैन्याचे आहेत. आपले पणजोबा हिंदी सैन्यातील पूर्णवेळ शिपाई होते. अशा शिपायाचा ‘शीट रोल’, म्हणजे त्याच्या भरतीचा व नोकरीचा नोंदकागद, पलटणीच्या डेपोत ठेवला जाई. तो लंडनला पाठवण्याची पद्धत नव्हती. लंडनवरील सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात ‘सगळे कागद जळाले’ असे पुष्कळदा सांगितले जाते, परंतु त्या आगीत जळाले ते ब्रिटिश शिपायांचे कागद होते.

तेव्हा भरतीच्या टोकाकडून शोध घेण्यापेक्षा पदकापासून मागे यावे. हे ब्रिटिश वॉर मेडल असून त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक घासून चकचकीत करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ती अक्षरे झिजली की हाती असलेला पुरावाच गेला. शिपायांचे क्रमांक त्या काळी पलटणीपुरते असत, म्हणून पलटणीवाचून नुसत्या क्रमांकाचा उपयोग नाही.

खेडकर
भिंगाने पाहिले. क्रमांक आणि ‘११० मराठा लाइट इन्फंट्री’ स्पष्ट वाचता येते. आडनाव मात्र आम्ही लिहितो तसे नाही.

उत्तर : दप्तरवाचक
आडनावाची चिंता नको. कारकुनाने कानावर पडले तसे इंग्रजीत लिहिले, त्यामुळे पवारांचे ‘पोवार’ होणे नित्याचेच होते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) युद्धमृतांच्या ऑनलाइन यादीत क्रमांक आणि पलटण टाकून पाहावे. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो, आणि गाव जुळले तर माणूस ओळखता येतो. इराकमधील बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची गणना आहे, परंतु हिंदी शिपायांची नावे त्या शिळांवर कोरलीच नव्हती. पलटणीखाली नुसता आकडा होता. घरातील कोणी तेथे जाऊन आले असते, तरी नाव सापडले नसते.

उत्तर : कुतवाचक
११० वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती आणि १०३ व ११७ या मराठा पलटणींसह इराकमधील कुत येथे तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली. हा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला तेथील ब्रिटिश सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. म्हणून यादीतील मृत्यूची तारीख प्रथम पाहावी. ती शरणागतीनंतरची असेल, तर पणजोबा लढाईत नव्हे, तुर्कांच्या कैदेत वारले असण्याचा संभव अधिक आहे. हिंदी शिपाई कैद्यांना रास अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले होते आणि तेथे फार माणसे दगावली. पलटणीची युद्धदैनंदिनी लंडनला आहे, पण तीत नावे बहुधा अधिकाऱ्यांची असतात. शिपाई तेथे ‘जखमी’, ‘मृत’ अशा आकड्यांतच भेटतो.

१९२२ च्या पुनर्रचनेत हीच पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली, आणि या रेजिमेंटचे केंद्र आज बेळगावला आहे. तेथे पत्र लिहिताना जुना क्रमांक, ‘११० वी’ हा जुना उल्लेख आणि कडेवरच्या अक्षरांचे छायाचित्र अवश्य जोडावे.