मदत हवी आहे: टूलचं कौतुक होतंय, पण त्याचे चुकीचे सल्लेही लोक मुकाट मान्य करताहेत

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात पीएच.डी. करतेय, विषय ह्यूमन-सेंटर्ड एआय, म्हणजे वापरणाऱ्या माणसाला केंद्रात ठेवून एआय बनवणं. ज्युपिटर नोटबुकला (कोड आणि त्याचं उत्तर एकाच पानावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) जोडलेलं एक टूल बनवलंय. ते डेटा बघून साफसफाईचे सल्ले देतं, आपण 'मान्य' किंवा 'नको' दाबायचं. १२ जणांवर चाचणी घेतली, सगळे इथलेच एमएस्सीवाले. प्रत्येकाला १६ सल्ले, त्यांतले ४ मी मुद्दाम चुकीचे पेरलेले.

त्यातला एक ऐका. बडोद्याच्या रोजच्या पावसाच्या आकड्यांत ३१ जुलै २०१९ ची नोंद पाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. टूल म्हणतं, हा आउटलायर (बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा आकडा), ओळ काढून टाका. १२ पैकी ९ जणांनी काढली! त्यातलाच एक मुलगा नंतर चहा पिताना सांगत होता, की त्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं आणि आजीला उचलून वरच्या मजल्यावर न्यावं लागलं. म्हटलं, अरे, मग ती ओळ का उडवलीस? तर म्हणे, "ताई, टूलच म्हणालं ना." (टूलचा नियम १.५ आयक्यूआरचा होता: आकडे चढत्या क्रमाने लावून पाव आणि पाऊण वाटेवरचे दोन आकडे, म्हणजे क्वार्टाइल, घ्यायचे; त्यांच्यातल्या अंतराच्या दीडपटीहून जास्त बाहेर पडेल तो आउटलायर. इथे वर्षातले तीन-चतुर्थांशाहून जास्त दिवस कोरडेच, म्हणजे दोन्ही क्वार्टाइल शून्य आणि साधी भुरभुरही आउटलायर. तेही कुणाला खटकलं नाही.)

आणि एसयूएसची (सिस्टम युजेबिलिटी स्केल, टूल वापरायला कसं वाटलं याची प्रश्नावली) सरासरी किती? १०० पैकी ८१! गाइड खूश, म्हणतात पेपर लिहायला घे. मला पटत नाही. एसयूएसचे १० प्रश्न १९८६ पासूनचे, वापरायला सोपं वाटलं का एवढंच विचारतात. शिवाय मी समोर बसलेली, चहा-कचोरी माझीच. वाईट कोण म्हणणार?

अडलंय ते असं. बरोबर सल्ले किती मानले आणि चुकीचे किती, हे वेगळं मोजून डी-प्राइम (बरोबर आणि चुकीचे सल्ले किती नीट वेगळे ओळखले, ते सांगणारा आकडा) काढायचा विचार आहे. पण माणशी चारच चुकीचे सल्ले, तेवढ्यावर आकडा टिकेल? की सरळ मिक्स्ड-इफेक्ट्स लॉजिस्टिक मॉडेल (माणसामाणसांतला आणि सल्ल्यासल्ल्यांतला फरक धरून 'मान्य' दाबण्याची शक्यता काढणारं) लावू?

दुसरं, 'आधी स्वतः ठरवा, मग सल्ला दिसेल' अशी आवृत्ती आणखी दोघांवर करून पाहिली. चुका पकडल्या, पण दोघंही जाम वैतागले. पुढच्या फेरीला जुनीच माणसं घेतली तर पावसाची गोम त्यांना ठाऊक झालीये, आणि नवी १२ जमवायची तर परीक्षा तोंडावर आल्यात.

असा अभ्यास कुणी केला असेल तर सांगा. सोमवारी गाइडना भेटायचंय.