नवशिक्या डायव्हरने मोला-मोला पाहण्यासाठी ऑगस्टमध्ये बालीला जावे का?

तळकोकणी:
मी तारकर्लीला ओपन वॉटरचा (डायव्हिंगचा पहिला) अभ्यासक्रम पूर्ण केला असून त्यानंतर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ काही डाइव्ह केल्या आहेत. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे बालीला जात आहोत. यजमानांना डायव्हिंग येत नाही, ते फक्त स्नॉर्केलिंग करतील. सहल ठरवून देणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी नुसा पेनिडा बेटाला मोला-मोला (सनफिश हा प्रचंड मासा) आणि मंटा रे (पंखांसारखे पर असलेले मोठे सपाट मासे), मग दोन दिवस तुलांबेनचे बुडालेले जहाज आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बातूर ज्वालामुखीवरून सूर्योदय, असा कार्यक्रम आखून दिला आहे. माझ्या अनुभवाला हा क्रम झेपेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निळाई:
हा क्रम उलटा करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे. मोला-मोला एरवी खोल समुद्रात राहतो, आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात तळाचे गार पाणी वर आले की प्रवाळाच्या उतारापर्यंत येतो, पण बहुतेक वेळा तो वीस मीटरच्या खालीच थांबतो. अंगावरचे परजीवी वेचून घेण्यासाठी तो तिथे जवळजवळ निश्चल उभा राहतो आणि बॅनरफिश या लहान माशांचा थवा त्याच्या कातडीवर तुटून पडतो. शेपटीच्या जागी नुसती झालर असलेला हा मासा एवढा प्रचंड असतो की, याच जातीच्या, २०२१ मध्ये अझोर्स बेटांजवळ सापडलेल्या एका माशाचे वजन २,७४४ किलो भरले होते. तो समोर आल्यावर १८ मीटरवर थांबणे अवघड जाते, म्हणून ती वेळच येऊ देऊ नये.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पॅसिफिकची पातळी हिंदी महासागरापेक्षा थोडी उंच असल्यामुळे इंडोनेशियाच्या बेटांमधल्या वाटांनी पाणी एकसारखे दक्षिणेकडे वाहत असते. लोम्बोकची सामुद्रधुनी ही त्यांतली एक मोठी वाट आहे आणि नुसा पेनिडा नेमके तिच्या दक्षिण तोंडाशी उभे आहे. ऑगस्टमध्ये आग्नेय वारे किनाऱ्याजवळचे पाणी बाहेर लोटतात आणि त्याची जागा खालचे थंड पाणी घेते. २७ अंशांच्या पाण्यातून दोन हात खाली जावे आणि एकदम २० अंशांच्याही खालचा थर लागावा, असे पेनिडाच्या क्रिस्टल बे या ठिकाणी घडते. थंडीने श्वास वाढतो, प्रवाहाशी झगडताना आणखी वाढतो आणि सिलिंडर अपेक्षेच्या फार आधी रिकामा होऊ लागतो. पाच मिलिमीटरचा वेटसूट आणि डोक्याला हूड घ्यावाच.

उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) आपल्याला सांगायला नकोत. अमावास्या-पौर्णिमेचे दिवस टाळून अष्टमीच्या आसपासची तारीख धरल्यास प्रवाहाचा जोर त्या मानाने कमी असतो. तरीही प्रवाळाच्या उभ्या भिंतीलगत पाणी खाली ओढू लागले, तर सरळ वर पोहण्याचा हट्ट धरू नये. आडवे सरकून त्या ओढीतून बाहेर पडावे. कोणत्या बाजूला सरकायचे ते गाइड दाखवतो, म्हणून क्षणभरही त्याच्या नजरेआड होऊ नये.

खडपावरचा:
निळाई यांच्याशी पूर्ण सहमत आहे. सुरुवात तुलांबेनलाच करावी. जमल्यास तिथेच ॲडव्हान्स्डचा अभ्यासक्रम करावा, म्हणजे ३० मीटरपर्यंतची परवानगी आणि खोलीची सवय दोन्ही घेऊनच पेनिडाला जाता येईल.

'लिबर्टी' या अमेरिकी मालवाहू जहाजावर ११ जानेवारी १९४२ रोजी लोम्बोकच्या सामुद्रधुनीत जपानी पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. ते ओढून तुलांबेनच्या किनाऱ्याला लावण्यात आले आणि एकवीस वर्षे तिथेच पडून होते. १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते किनाऱ्यावरून पाण्यात ढकलले गेले. आज त्याचा वरचा भाग जेमतेम पाच मीटरवर आणि खालचा तीस मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्या यजमानांनाही ते वरून दिसेल. गावातल्या बायका भरलेले सिलिंडर डोक्यावर घेऊन गोट्यांच्या काळ्या किनाऱ्यावरून सहज चालत येतात. आपण मात्र त्या गोट्यांवर पाय जपून ठेवावा, कारण लाट फुटते तिथेच तोल जातो. शक्य असल्यास पहाटेची पहिली डाइव्ह घ्यावी. त्या वेळी कपाळावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे जहाजाजवळ असतात, गर्दीही नसते. लोखंडाचा एकही भाग उघडा राहिलेला नाही. मऊ प्रवाळ, स्पंज आणि समुद्रपंख्यांनी सारे झाकले आहे. पलीकडच्या काळ्या वाळूत बागेत रोपे लावावीत तशा गार्डन ईल (बिळात राहणारे बारीक, सापासारखे मासे) उभ्या असतात आणि आपण जवळ जाताच एकेक करून बिळात उतरतात. त्यांच्यासाठी दूर थांबून वाट पाहावी लागते, आणि माझ्या दृष्टीने ती वाट पाहणे मोला-मोलापेक्षा तसूभरही कमी नाही.

तळकोकणी:
दोघांचेही मनापासून आभार. मोला-मोलाचा आग्रह मी सोडते. पण मंटा तरी यजमानांसोबत एकत्र पाहता येतील का?

निळाई:
अवश्य. पेनिडाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मंटा पॉइंटला ते बारा महिने येतात आणि तिथली खोली फारशी नाही. मात्र हा किनारा खुल्या हिंदी महासागराच्या तोंडावर असल्याने लाटा मोठ्या असतील त्या दिवशी जाऊ नये. मंटाच्या शेपटीला दंश करणारा काटा नसतो. भीती त्यांना आपली असते. लहान मासे त्यांची सफाई करतात त्या खडकाच्या वर पोहू नये, पाठलाग करू नये, किमान तीन मीटर अंतर ठेवावे. बुडबुडे थेट पोटाखाली गेले तरी ते निघून जातात. गिल (कल्ले) आणि मांसासाठी यांची बेसुमार शिकार होत असे. इंडोनेशियाने २०१४ मध्ये आपल्या संपूर्ण सागरी हद्दीत मंटांना संरक्षण दिले, म्हणून आज ते इतक्या जवळून दिसतात. पोटावरचे काळे ठिपके प्रत्येक मंटाचे वेगळे असतात, त्यामुळे खालून छायाचित्र मिळाल्यास ते संशोधकांच्या नोंदीसाठी जरूर द्यावे.

खडपावरचा:
बातूरचे राहून गेले होते. त्याचे शिखर १,७१७ मीटरवर आहे. डाइव्हनंतर रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडत असतो, आणि उंचीवर हवेचा दाब घटला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाला लागू असलेला नियम डोंगरालाही लागू आहे. अनेक दिवस डाइव्ह केल्यानंतर किमान १८ तास थांबावे, मी तर पूर्ण २४ तास सांगेन. सूर्योदय हवाच असेल, तर तो तुलांबेनच्या आधी उरकावा. तुलांबेनहून परतताना गाडीवाल्याला किंतामणीच्या उंच घाटाने न नेता आमलापुराच्या किनारी रस्त्याने न्यायला सांगावे. प्रवासविम्यात स्कूबाचा आणि प्रेशर चेंबरच्या (अशा बुडबुड्यांच्या त्रासावर बंद खोलीत दाब वाढवून केल्या जाणाऱ्या) उपचारांचा समावेश आहे का, हेही पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.