'सेफ्टी केस'ला मराठीत काय म्हणावे?

मुक्ता
निम्रॉड या ब्रिटिश टेहळणी विमानाच्या अपघातावरील एका लेखाचे भाषांतर करते आहे. २ सप्टेंबर २००६ रोजी कंदाहारजवळ हवेतल्या हवेत इंधन भरून घेतल्यानंतर थोड्याच वेळात या विमानाला आग लागली आणि त्यातील सर्व १४ जण मृत्युमुखी पडले. या अपघाताच्या चौकशीनंतरच्या, चार्ल्स हॅडन-केव्ह या वकिलांच्या २००९ च्या अहवालात ज्या दस्तऐवजावर कोरडे ओढले आहेत, तो म्हणजे विमानाचा 'सेफ्टी केस'. हे विमान उडवणे पुरेसे सुरक्षित आहे, असा पुराव्यांनिशी केलेला तो लेखी युक्तिवाद असतो. मी 'सुरक्षा प्रकरण' असे लिहिले, तर संपादकांनी समासात विचारले, 'हे हेरगिरीचे प्रकरण आहे का?' 'सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली' (सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टम) वाचूनही त्यांच्या डोळ्यांसमोर तळाच्या फाटकावरचे पहारेकरीच आले. 'सेफ्टी' आणि 'सिक्युरिटी' एकाच वाक्यात आल्यावर आपण काय करता?

वेचक
रेल्वेच्या हिंदीने ही अडचण केव्हाच सोडवली आहे. अपघात होऊ नयेत म्हणून जो पाहतो तो 'रेल संरक्षा आयुक्त', आणि चोरांपासून राखते ते 'रेलवे सुरक्षा बल'. (हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात.) तोच शब्द उचलावा.

शब्दवेल्हाळ
हिंदीत चालेल, मराठीत नाही. आपल्याकडे 'संरक्षण' म्हणजे थेट सैन्य. 'संरक्षण दलातील संरक्षा' असे छापले तर वाचक मुद्रणदोष समजतील. त्यापेक्षा 'सुरक्षितता' घ्यावे. सुरक्षा कोणी तरी कोणाला तरी पुरवतो, जसे मंत्र्याला पोलीस पुरवतात. सुरक्षितता ही वस्तूच्या किंवा कामाच्या अंगी असते. आणि 'प्रणाली'ऐवजी 'व्यवस्था' का नको? प्रणाली म्हणजे मुळात पाण्याची वाट, आपला 'पन्हळ' त्याच घराण्यातला.

चंद्रमौळी
'क्षेम' हा शब्द कोणालाच कसा आठवला नाही? योग म्हणजे जे नाही ते मिळवणे आणि क्षेम म्हणजे जे आहे ते राखणे. 'क्षेमव्यवस्था', 'क्षेमप्रमाण' हे शब्द आज कानाला खटकतील, पण 'महापौर' आणि 'दूरध्वनी' यांनाही लोक आधी हसलेच होते.

शब्दवेल्हाळ
चंद्रमौळीजी, 'योगक्षेम' आज आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हावर नांदतो आहे. 'विमानाचे क्षेमप्रमाण' वाचून लोक विम्याचा हप्ता विचारतील.

तंत्रज्ञ_निवृत्त
वायुदलाच्या तांत्रिक शाखेत माझी नोकरी झाली. हँगरमध्ये यांपैकी एकही शब्द मी ऐकला नाही. 'फ्लाइट सेफ्टी', 'स्नॅग' (म्हणजे बिघाड) आणि 'एफ-सातशे' (म्हणजे विमानाची नोंदवही) एवढ्यावर आमचे भागत असे. तरीही मुक्ताताईंनी एक गोष्ट लेखात स्पष्ट करावी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे एकोणिसावे परिशिष्ट २०१३ मध्ये आले आणि त्याने ही सेफ्टी मॅनेजमेंटची व्यवस्था नागरी क्षेत्रासाठी एकत्र मांडली. परंतु या संघटनेचा पाया असलेल्या शिकागो कराराच्या तिसऱ्या कलमानुसार लष्करी विमाने त्या कराराच्या कक्षेबाहेर असल्यामुळे प्रत्येक देशाच्या सैन्याला ती स्वतःहून अंगीकारावी लागते. ब्रिटनने निम्रॉडनंतर, २०१० मध्ये, स्वतंत्र लष्करी विमानन प्राधिकरण नेमले आणि जिवाच्या जोखमीचे उत्तर वैयक्तिकरीत्या देणारे अधिकारी, म्हणजे 'ड्यूटी होल्डर', ठरवून दिले. त्यांना 'जबाबदार अधिकारी' म्हणू नये. आपल्याकडे 'जबाबदार कोण?' हा प्रश्न अपघात झाल्यावर विचारतात. हा अधिकारी विमान उडण्यापूर्वी जबाबदार असतो.

मुक्ता
काका, ही भर मोलाची आहे. गंमत म्हणजे हा वाद खुद्द अहवालातही आहे. 'सेफ्टी केस' हे नाव बदलून 'रिस्क केस' करावे, आणि तो थोडक्यात, सोप्या भाषेत, घरच्या माणसांनी तयार केलेला असावा, अशी शिफारस हॅडन-केव्ह यांनी केली. हे विमान ३० वर्षे उडते आहे, म्हणजे सुरक्षितच असणार, या गृहीतावर सगळे विसंबले आणि कागद तयार करणे हा उपचार उरला, असे त्यांचे निदान होते. मग 'जोखीमपत्र' चालेल का?

वेचक
चालेल, पण 'धोका' आणि 'जोखीम' यांची सरमिसळ करू नका. धावपट्टीवरची घार हा धोका. ती इंजिनात शिरण्याची शक्यता किती आणि शिरली तर नुकसान किती, हे जोखले की ती जोखीम. आमची आजी प्रवासात 'अंगावर जोखीम आहे' म्हणे, तेव्हा तिला दागिने अभिप्रेत असत. हिंदीत तर 'धोखा' म्हणजे फसवणूक.

तंत्रज्ञ_निवृत्त
ही व्यवस्था अडते ती 'खुलासा' या शब्दापाशी. एका तुकडीत काम संपल्यावर एक पाना कमी भरला. पोराने स्वतः येऊन सांगितले, विमान थांबवले, पाना सापडला. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यानंतर तिथे कोणी आपणहून काही सांगेल का? ज्याला 'जस्ट कल्चर' म्हणतात त्यात प्रामाणिक चूक, हयगय आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई यांना वेगवेगळे तोलतात. सगळे माफ, असा त्याचा अर्थ नाही.

चंद्रमौळी
'न्याय्य संस्कृती' म्हणा. आणि 'हयगय' म्हणजे हय आणि गय, घोडा आणि हत्ती. ज्याच्या पागेत दोन्ही आहेत तो निष्काळजी होणारच.

शब्दवेल्हाळ
ही व्युत्पत्ती ऐकायला छान आहे, पण तिला आधार काय? 'गय करणे' म्हणजे सोडून देणे, याचा हत्तीशी काय संबंध? प्रत्येक अपघातानंतर 'दोषींची गय केली जाणार नाही' असे निवेदन निघते, ते कोणत्या हत्तीबद्दल असते?

तंत्रज्ञ_निवृत्त
ते निवेदन दोषी ठरण्याच्या आधीच निघते, हे तरी लक्षात घ्या.

चंद्रमौळी
प्राकृतात 'गज'चे 'गय' होते, हा आधार पुरेसा आहे. 'गय करणे' हा शब्द वेगळा असू शकेल. त्यासाठी निराळा धागा काढतो.